जुन्या संगणकावर नवी सिस्टीम: बटण दाबण्याआधीची कामं

संगणकाची सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, बदलायला दोन तास पुरतात. त्या दोन तासांत हरवलेला पत्रिकेचा फॉन्ट, टॅलीचं लायसन आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर परत जाग्यावर आणायला मात्र आठवडा जातो, आणि तोही नेमका लग्नसराईत नाहीतर मार्चअखेरीला. म्हणून खाली इन्स्टॉल करण्यापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीवर जास्त शाई खर्च केली आहे.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. मग एकेक प्रोग्राम साथ सोडू लागतो. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीला अडकलं ते अडकलंच. दुकानात नुसती बिलं छापणारं मशीन तसंच रेटता येईल, पण ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात ते नाही.

आधी हे ठरवा: बदलायचंच आहे का?

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनला) सिरीयल केबलनं प्रोग्राम पाठवणारा जुना एक्सपीवाला संगणक असेल, तर त्याला हात लावू नका. मार्केट यार्डात वजनकाट्याला जोडलेल्या संगणकाचंही तेच. तिथला प्रोग्राम आरएस-२३२ पोर्टवर, ३२-बिट ड्रायव्हरवर आणि कधी कधी प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकवर (प्रोग्रामची नक्कल रोखणाऱ्या छोट्या डोंगलवर) उभा असतो. नवीन ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत आणि ३२-बिट ड्रायव्हर बसत नाहीत. सिस्टीम नवी होईल आणि मशीन उभं राहील.

अशा संगणकाची इंटरनेटची केबल काढा आणि वायफाय बंद करा. क्लोनझिला हा डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच्या अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. मूळ डिस्क गेली तरी तासाभरात मशीन परत सुरू करता येतं. या संगणकाचं अपग्रेड म्हणजे एवढंच.

बाकीच्यांसाठी मशीनची कुंडली बघा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा. प्रोसेसर, रॅम आणि बायोस मोड (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या. इंटेल कोअरच्या नावात आय-३, आय-५ नंतरचा आकडा पिढी सांगतो: ४००५ म्हणजे चौथी, ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. पाच आकडे असले तर पहिले दोन धरा. १०२१० म्हणजे दहावी.

विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढं चालते. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) करू शकणारं युईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. कागदावर ४ जीबी लिहिलंय खरं, पण त्यात क्रोमच्या पाच टॅब उघडल्या की मशीन धापा टाकतं. ८ जीबी हा कामाचा आकडा.

आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन असूनही तपासणीचं पीसी हेल्थ चेक ॲप "चालणार नाही" म्हणत असेल, तर बहुतेक वेळा टीपीएम नसतं असं नाही, ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बायोसमध्ये ते पीटीटी या नावानं, एएमडीत एफटीपीएम या नावानं सापडतं. चालू केलं की त्याच विंडोज-आर चौकटीत टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप करून आवृत्ती २.० दिसते का बघा.

सहावी-सातवी पिढी ही खरी कुचंबणेची जागा. मशीन धडधाकट असतं, पण यादीत नसतं. रुफस या प्रोग्रामनं बनवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून विंडोज ११ बसवता येते आणि चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा पेन ड्राइव्हनंच बसवावी लागते. घरच्या वापराला हे ठीक. हिशेब, जीएसटी आणि पगारपत्रक ज्यावर आहे त्या मशीनवर हा खेळ करू नका. तिथं विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. घरगुती खात्यासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशीन विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच असतो.

इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरची मशीनं अजून बऱ्याच घरांत आहेत. त्यांवर विंडोज ११ ची २४एच२ आणि पुढची आवृत्ती कोणतीही युक्ती करून सुरू होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचनाच नाहीत. त्यांना लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम.

हार्ड डिस्क बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका

फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर नवी सिस्टीम टाकणं म्हणजे बैलगाडीला नवी नंबरप्लेट. जुनं मशीन हळू वाटतं ते शंभरातल्या नव्वद वेळा डिस्कमुळं. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली डिस्क; साटा हा तिच्या जोडणीचा प्रकार) घ्या, बहुतेक सगळ्या जुन्या लॅपटॉप-डेस्कटॉपला बसते. लॅपटॉपमध्ये एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) खाचा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. चौथ्या-पाचव्या पिढीत तो बऱ्याचदा फक्त साटा प्रकार ओळखतो आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारचं कार्ड लावलं तर बायोसला दिसतच नाही. राजारामपुरीतल्या दुकानात जाताना मॉडेल नंबर आणि आतल्या जुन्या डिस्कचा फोटो घेऊन जा.

लॅपटॉप उघडताना बॅटरी आधी काढा. आत बसवलेली असेल तर मागचं झाकण काढल्याबरोबर तिचा कनेक्टर सोडवा. कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की मनगट टेकतो तिथं वर फोड येते. डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट आडवी सरकवून बाहेर काढायची, वर उचलायची नाही. साटाच्या कनेक्टरमध्ये सात आणि पंधरा अशा दोन रांगांत बावीस पिना असतात आणि मधली प्लास्टिकची पट्टी वाकवली तर तुटते. चौकटीचे चार स्क्रू सोडवून एसएसडीला लावा आणि तशीच सरकवा. एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते. जुनी डिस्क ९.५ ची असेल तर सोबत येणारी प्लास्टिकची चौकट चिकटवा, नाहीतर ती आत खुळखुळते.

रॅम वाढवताना व्होल्टेज बघा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ ची साधी डीडीआर३ खाचेत बसते पण मशीन सुरू होत नाही, आणि मग मदरबोर्ड गेला म्हणून बोंब होते.

डेस्कटॉप उघडलाच आहे तर नाण्याएवढा सेलही बदला. सीआर२०३२, ३ व्होल्ट. हा सेल मेला की दर वेळी घड्याळ मागच्या तारखेला जातं, तारीख चुकली की बँकेच्या साइट "सुरक्षित नाही" म्हणतात आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशनही अडतं. शिवाय बायोसमधली सेटिंग मूळ पदावर येतात. डिस्कशी बोलायचा साटाचा मोड नव्या एएचसीआयवरून परत जुन्या आयडीईवर गेला, तर काल बसवलेली विंडोज आज निळा पडदा दाखवते. दोष सेलचा आणि शिव्या विंडोजला.

काय काय वाचवायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे सगळेच घेतात. राहतं ते पुढचं.

टॅलीचा डेटा कुठं आहे ते अंदाजानं ठरवू नका. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो फोल्डर जसाच्या तसा घ्या आणि टॅलीतूनही वेगळा बॅकअप काढा. नंतर लायसन सरेंडर करा. ते त्या मशीनला बांधलेलं असतं. सरेंडर न करता डिस्क पुसली तर नव्या सिस्टीमवर परत चालू करताना खेटे पडतात.

डिजिटल सहीचं टोकन असेल तर काळजी नको, सही टोकनच्या आत असते, डिस्कवर नाही. त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या साइटला लागणारं ईएमसाइनर तेवढं परत टाकावं लागतं. टोकनचा पासवर्ड मात्र लिहून ठेवा. वर्षानुवर्षं सेव्ह करून ठेवलेला पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि तो ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

विंडोज १० आधीपासून ॲक्टिव्हेट असेल तर नवं लायसन घ्यावं लागत नाही. त्याच मशीनवर त्याच प्रकारची ११ बसवली की आपोआप ॲक्टिव्हेट होते. गोम आहे ती "त्याच प्रकारची" या शब्दांत. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज येते. घाईत प्रो निवडली तर ॲक्टिव्हेशन होत नाही. त्यामुळं सेटिंग्जमध्ये अबाउटच्या पानावर एडिशनपुढं काय लिहिलंय ते शब्दशः उतरवा. विंडोज ७ च्या स्टिकरवरची की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये बंद केली. नाक्यावर "फुकट ॲक्टिव्हेट करून देतो" म्हणणारे जे टूल चालवतात, ते आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतं. यावरूनच काय ते समजा.

डिस्कला कुलूप आहे का तेही बघा. विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू असेल तर बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच काढून कागदावर लिहा आणि बायोसला जाण्यापूर्वी बिटलॉकर सस्पेंड करा.

बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि दुसऱ्या संगणकावर चार फाइली उघडून बघा. कॉपी होताना आलेली "स्किप" खूण न वाचता दाबलेली असते, आणि ते नंतर कळतं.

मराठी फॉन्टची गोष्ट वेगळी

प्रेस, पत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, सातबाराचे अर्ज: बऱ्याच फाइली अजून श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत आहेत. या फॉन्टांत देवनागरी अक्षर हे खरं देवनागरी नसतं. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेली असतात. फाइलीत साठतो तो इंग्रजी चिन्हांचा क्रम, आणि फॉन्ट आहे तोवरच तो मराठी दिसतो. फॉन्ट गेला की "अध्यक्षीय मनोगत" च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांगोळी उमटते. फाइल खराब झालेली नसते. फॉन्ट टाकला की ती जशीच्या तशी दिसते.

म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. तिथं निवड करत बसू नका, हजार फॉन्ट असले तरी जागा फारशी लागत नाही. त्यानंतर महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढून ठेवा. पुढं काही बिनसलं तरी मजकूर वाचता येतो, आणि युनिकोडमध्ये (खऱ्या देवनागरी अक्षरांत) बदलताना ताडूनही बघता येतो. हे बदललेलं कधीही न वाचता छापू नका. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इथं हमखास गडबड होते.

टाइप १ या अडोबीच्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट आणखी त्रासाचे. अडोबीनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या प्रोग्रामांतला त्यांचा आधार काढून घेतला. छपाईची पानं मांडायच्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७ ही २००१ सालची. नव्या विंडोजवर ती कधी चालते, कधी रुसते. लॉकवाल्या मराठी सॉफ्टवेअरचं लॉक ६४-बिट ड्रायव्हर मिळत असेल तरच चालेल, त्यामुळं कंपनीला फोन करून आधी विचारा. उत्तर "नाही" आलं आणि काम त्याच सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर तो एक संगणक आहे तसा ठेवून इंटरनेटचं काम दुसऱ्यावर न्या. हेच सगळ्यांत स्वस्त पडतं.

आता बसवायचं

वेळ सकाळची घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, आणि बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. डेस्कटॉप यूपीएसवर हवा. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या वर आणि चार्जर लावलेला. पावसाळ्यात तर यूपीएस नसेल तर सुरुवातच करू नका.

मशीन यादीतलं असेल आणि आहे ते सगळं ठेवून वर जायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खं सेटअप असलेली एकच फाइल) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतलं सेटअप चालवा. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी ठेवा. बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस काढून टाका. माउस-कीबोर्ड सोडून बाकी सगळी केबलं उपटा, प्रिंटर आणि टोकनसुद्धा. "फाइली आणि ॲप्स ठेवा" हा पर्याय निवडलेला दिसला पाहिजे. तो राखाडी होऊन दाबताच येत नसेल, तर भाषा किंवा एडिशन जुळत नाही असं समजा आणि तिथंच थांबा. मध्ये एखाद्या टक्क्यावर तासभर अडकल्यासारखं वाटतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. सी१९००१०१ असा आकडा असलेली एरर येऊन जुनी विंडोज परत आली तर कारण बहुतेक ड्रायव्हरचं असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून डिस्प्ले, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर नवे करून पुन्हा करा.

बायोस मोड "लेगसी" (जुनी पद्धत) दिसत असेल तर विंडोज ११ च्या आधी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीवर न्यावी लागते. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) नावाची आज्ञा आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी तिच्यापुढं व्हॅलिडेट (/validate) आणि मग कन्व्हर्ट (/convert) लावून चालवा. दोन्ही वेळा अलाउफुलओएस (/allowFullOS) हा जोड हवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असतील तर ती नकार देते. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये लेगसी बदलून युईएफआय करा. क्रम उलटा केला तर मशीन "बूट डिव्हाइस नाही" म्हणेल. घाबरू नका, सेटिंग परत फिरवा आणि क्रमानं करा.

नवी एसएसडी लावली असेल तर कोरी विंडोजच बसवा. ३२-बिट विंडोज १० असेल तर दुसरा मार्गही नाही. ३२ वरून ६४ वर थेट जाता येत नाही, आणि ११ फक्त ६४-बिट आहे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. जुनी हार्ड डिस्क या वेळी मशीनमध्ये ठेवू नका. हा सल्ला कुणी मनावर घेत नाही, आणि मग सेटअपमध्ये "डिस्क ०" आणि "डिस्क १" अशा दोन ओळी समोर आल्या की नेमकी चुकीची पुसली जाते.

बूट मेनूसाठी मशीन सुरू होताना बटण दाबत राहायचं: डेल, लेनोव्हो आणि एसरवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरला हा मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागू शकतो. मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर नावापुढं युईएफआय असलेली ओळ घ्या. पुढं "या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, विंडोज बसवता येणार नाही" असा निरोप आला, तर पेन ड्राइव्ह युईएफआयनं सुरू झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. डिस्क नवी आणि कोरी आहे ना? मग तिच्यावरचं एकेक पार्टिशन डिलीट करा, एकच "न वापरलेली जागा" उरू द्या आणि नेक्स्ट दाबा. की मागितली तर "माझ्याकडं की नाही" निवडा आणि उतरवून ठेवलेलीच एडिशन घ्या.

मिंटवर जायचं असेल

मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क. ४ जीबी असेल तर सुखाचं. जुन्या मशीनवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. हे सगळं ६४-बिटवरच. अस्सल ३२-बिट मशीनसाठी एलएमडीई ६ (डेबियनवर बेतलेलं मिंट) चा ३२-बिट अवतार होता, पण त्याचे अपडेट आता थांबलेत, आणि अशा मशीनवर आजचं ब्राउझर चालवणं म्हणजे सोसणंच.

मिंटची मोठी सोय ही की पेन ड्राइव्हवरून ती न बसवता चालवून बघता येते. अर्धा तास द्या. वायफाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का ते बघा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर ते पहिल्यांदा दिसत नाही. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. मिंट बसवताना डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये साटा मोड रेडवर (RAID) आहे, तो एएचसीआय करा. विंडोज शेजारी ठेवायची असेल तर हा बदल तिला मानवत नाही, त्यामुळं हे फक्त विंडोज काढून टाकणार असाल तरच करा. शेजारी ठेवलीच तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

प्रिंटर ही खरी परीक्षा. एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर दर वेळी सुरू झाला की संगणकाकडून आपला फर्मवेअर (स्वतःला चालवणारा आतला प्रोग्राम) मागतो. एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन टाकलं की चालतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलतं करणं हे चिवटपणाचं काम आहे. तोच एक प्रिंटर असेल आणि रोज शंभर पानं काढायची असतील तर मिंटचा नाद सोडा. टॅली, पेजमेकर आणि लॉकवाली सॉफ्टवेअरं असतील तरीही.

बसवून झाल्यावर मराठी

विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडा. सिंगल लँग्वेज एडिशनमध्येही टायपिंगला अडचण येत नाही, ते बंधन पडद्यावरच्या भाषेचं आहे. इनस्क्रिप्ट हा सरकारी मांडणीचा कीबोर्ड तर असतोच. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आतच आहे, वेगळं काही उतरवायला नको. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलतो. कोऱ्या विंडोजमध्ये निर्मला हा मराठी फॉन्ट असतो, जुना मंगल असेलच असं नाही. मंगलमधल्या जुन्या वर्ड फाइलींची पानं पुढं-मागं सरकलेली दिसली तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट टाका.

मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउट यादीत मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक असे दोन मिळतात. जुने फॉन्ट डबल क्लिक करून इन्स्टॉल होतात, लिबरऑफिसला ते चालतात.

मग एक ओळ टाइप करून छापून बघा: "दुसऱ्या ॲपमध्ये ज्ञानेश्वर कोल्हापूरकर". अर्धा र, ॲ, ज्ञ आणि ल्ह ही चारही अक्षरं कागदावर नीट उमटली तर फॉन्ट, कीबोर्ड आणि प्रिंटर असं तिन्हीचं जमलं. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चौकोन येत असतील तर दोष प्रिंटर ड्रायव्हरचा. त्यात फॉन्ट चित्र म्हणून पाठवण्याचा पर्याय असतो तो चालू करा.

सगळं ठेवून अपग्रेड केलं असेल तर मागं फिरायला दहा दिवस मिळतात. त्यानंतर विंडोज जुन्या सिस्टीमचा फोल्डर काढून टाकते. म्हणून त्या दहा दिवसांतच टॅली, टोकन, प्रिंटर आणि पत्रिकेची एक जुनी फाइल अशी सगळी कामं एकदा करून घ्या. एसएसडी नवी घातली असेल तर बाहेर काढलेली हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा. निदान पुढचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत ती पुसू नका आणि कुणाला देऊही नका.